कायदा दाखवा

६ सप्टेंबर १९६५ रोजी भारतीय सैन्याने लाहोर आघाडीवर आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली. त्याच दिवशी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने एका मराठी हस्तलिखिताबद्दल निकाल दिला. हस्तलिखिताचे नाव ‘अणूच्या अंतरंगात’. लेखक प्रभाकर पांडुरंग संझगिरी, आणि लेखकाचा मुक्काम मुंबई जिल्हा कारागृह, म्हणजे सात रस्त्याजवळचा आर्थर रोड तुरुंग. कम्युनिस्ट चळवळीतले संझगिरी भारत संरक्षण नियमांखाली तिथे स्थानबद्ध होते. त्यांच्यावर आरोपपत्र नव्हते, खटला नव्हता, शिक्षा झालेली नव्हती. देशाच्या संरक्षणाला आणि सार्वजनिक सुव्यवस्थेला बाधक असे काही त्यांनी करू नये म्हणून महाराष्ट्र सरकारने त्यांना आत ठेवले होते. त्या काळात त्यांनी सरकारच्याच परवानगीने अणुविज्ञानावरचे एक मराठी पुस्तक लिहून पूर्ण केले. पंजाबच्या भूमीवर रणगाडे धडधडत असताना देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने एका स्थानबद्धाच्या वहीकडे लक्ष द्यावे, हे आजच्या वाचकाला विचित्र वाटेल. माझ्या मते स्वतंत्र भारताच्या न्यायालयीन इतिहासातल्या सर्वांत मोलाच्या दिवसांपैकी तो एक दिवस आहे, आणि त्या निकालात सांगितलेला नियम आपण साठ वर्षांत नीट पचवलेला नाही.

प्रकरण जरा बारकाईने पाहू. सप्टेंबर १९६४ मध्ये संझगिरींनी राज्य सरकारकडे अर्ज केला, की हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवू द्यावे. सरकारचे उत्तर आले २७ मार्च १९६५ रोजी, म्हणजे सहा महिन्यांनी, आणि ते नकाराचे होते. मग त्यांनी आर्थर रोडच्या अधीक्षकांकडे अर्ज केला, तिथेही नकार. तेव्हा ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्तींनी पुस्तकाची अनुक्रमणिका पाहिली. विषय निव्वळ विज्ञानाचा होता. सरकारने आपल्या प्रतिज्ञापत्रात काय म्हणावे? पुस्तकातून शत्रूला काही माहिती मिळेल, दंगा होईल, सैन्याचे मनोधैर्य खचेल, असे एक अक्षर त्यात नव्हते. सरकारचे म्हणणे एवढेच होते, की स्थानबद्धाला पुस्तक छापू द्यावे असे बंधन कायद्याने आमच्यावर घातलेले नाही. उच्च न्यायालयाने हे मान्य केले नाही आणि हस्तलिखित छपाईसाठी संझगिरींच्या पत्नीकडे पाठवू द्यावे असा आदेश दिला. एका विज्ञानाच्या वहीसाठी राज्य सरकार तेवढ्यावर थांबू शकले असते. ते सर्वोच्च न्यायालयात अपिलात गेले.

अपिलातला सरकारचा युक्तिवाद नीट समजून घ्यावा, कारण तो आजही रोज नव्या शब्दांत केला जातो. स्थानबद्धांना तुरुंगात कसे ठेवायचे याचा १९५१ चा एक आदेश होता. पत्रे, भेटीगाठी यांसारख्या गोष्टींच्या अटी त्यात होत्या. सरकार म्हणाले, स्थानबद्ध माणसाचे स्वातंत्र्य संपलेले असते. त्याला मिळतात त्या सवलती, आणि त्याही या आदेशात लिहिलेल्या तेवढ्याच. पुस्तक छापण्याची सवलत यादीत नाही, म्हणून ती नाही. न्यायमूर्ती के. सुब्बाराव यांनी निकालपत्रात हा युक्तिवाद उलटा करून पाहिला. यादीत नाही ते स्थानबद्धाला मिळायचेच नाही असे धरले, तर जेवणाची तरतूद यादीत राहून गेली असल्यास त्या माणसाला उपाशी मारायलाही सरकार मोकळे होईल. असा अर्थ कोणत्याही कायद्याचा लावता येत नाही. आदेशातल्या अटी म्हणजे हक्कांवर घातलेली बंधने आहेत. बंधन लिहिलेले असेल तर ते पाळावे लागेल. लिहिलेले नसेल तर माणसाचा मूळ हक्क जागेवर असतो. स्थानबद्ध झाल्याने माणूस हिंडण्याफिरण्याला मुकतो, पण म्हणून तो सगळ्यालाच मुकत नाही, आणि त्याच्याकडून आणखी काही काढून घ्यायचे असेल तर कोणत्या कलमाखाली काढून घेतले ते सरकारने दाखवले पाहिजे. सरकारला दाखवता आले नाही. अपील फेटाळले गेले.

यात आणखी एक अडसर होता, आणि तो साधा नव्हता. चीनच्या आक्रमणानंतर २६ ऑक्टोबर १९६२ रोजी आणीबाणी जाहीर झाली होती. ३ नोव्हेंबर १९६२ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने स्थानबद्धांना जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांच्या मूलभूत हक्कांसाठी न्यायालयाचे दार बंद केले होते. पण त्या आदेशात एक अट होती: भारत संरक्षण कायदा किंवा त्याखालचे नियम यांच्यानुसार हक्क हिरावला गेला असेल तरच दार बंद. न्यायालयाने ती अट शब्दशः धरली. हस्तलिखित अडवणे कोणत्याच नियमात बसत नव्हते, म्हणून ते कायद्याखाली झाले असे म्हणता येईना, आणि म्हणून दार उघडे राहिले. दोन वर्षांपूर्वी, सप्टेंबर १९६३ मध्ये, माखनसिंग खटल्यात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांच्या बहुमताच्या निकालाने राष्ट्रपतींच्या आदेशापुढे बरेच नमते घेतले होते. तरी दुष्ट हेतूने काढलेला किंवा कायद्याच्या चौकटीबाहेरचा स्थानबद्धतेचा हुकूम तपासण्याची वाट त्यांनीही मोकळी ठेवली होती. संझगिरी निकालाच्या दुसऱ्याच दिवशी, ७ सप्टेंबर १९६५ रोजी, त्याच वाटेने राममनोहर लोहिया सुटले. पाटण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या हुकमात ‘कायदा व सुव्यवस्था’ असे लिहिले होते. नियमाला हवी होती ‘सार्वजनिक सुव्यवस्था’. दोन्ही एकच, असे कोणी सहज म्हणेल. नागपुरातून पुढे गेलेल्या न्यायमूर्ती हिदायतुल्लांनी एकात एक अशी तीन वर्तुळे कल्पून फरक समजावून सांगितला: सर्वांत मोठे कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे, सर्वांत आत राज्याच्या सुरक्षिततेचे. बाहेरच्या वर्तुळात घडणारी प्रत्येक गोष्ट आतल्या वर्तुळापर्यंत पोचत नाही. देश युद्धात उतरला त्या आठवड्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारला सलग दोनदा विचारले: तुम्ही केलेत ते कोणत्या कायद्याने?

या निकालांनी युद्धात अडथळा आणला का? सरकारच्या बाजूने बोलणाऱ्यांचा पहिला आक्षेप हाच असतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. १९६२ ची भीती खरी होती. चिनी सैन्य बोमडिलापर्यंत उतरले होते, यशवंतराव चव्हाणांना मुंबई सोडून संरक्षण खाते सांभाळायला दिल्लीला जावे लागले, आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असे महाराष्ट्र अभिमानाने म्हणाला. कम्युनिस्ट पक्षात चीनच्या प्रश्नावर उघड फूट होती. कोणाची निष्ठा कुठे आहे हे त्या घडीला पारखून घेणे सरकारला अवघड गेले असेल, आणि गुप्तवार्ता न्यायाधीशाच्या टेबलावर मांडता येत नाहीत हेही खरे. हे सगळे मान्य केले तरी संझगिरी निकालाला धक्का लागत नाही. त्या खटल्यात सुटकेचा प्रश्नच नव्हता. संझगिरींना आत ठेवण्याचा सरकारचा निर्णय न्यायालयाने तसाच राहू दिला. युद्धकाळात संशयावरून माणूस ताब्यात घेण्याचा अधिकार सरकारला असू शकतो. त्या एका अधिकारातून बाकीचे सगळे अधिकार आपोआप निघत नाहीत, एवढेच न्यायालय म्हणाले. आणि हा फरक करायला कोणतीही गुप्तवार्ता लागत नाही.

शिवाय ‘युद्धकाळ’ किती काळ चालतो तेही पाहावे. चीनची लढाई महिन्याभरात संपली. २१ नोव्हेंबर १९६२ रोजी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. तिच्यासाठी पुकारलेली आणीबाणी उठली १० जानेवारी १९६८ रोजी. मधली पाच वर्षे देश कागदावर सलग आणीबाणीत होता. संझगिरींना नकाराचे पत्र गेले तेव्हा ईशान्येतल्या तोफा थंड होऊन दोन वर्षे उलटली होती. पुढेही तसेच झाले. ३ डिसेंबर १९७१ ला बांगलादेश युद्धासाठी जाहीर झालेली आणीबाणी पंधरवड्याच्या लढाईनंतर पाच वर्षांहून अधिक काळ तशीच राहिली आणि मार्च १९७७ मध्ये उठली. मिसा हा खटल्याविना स्थानबद्ध करण्याचा कायदाही १९७१ चाच. सीमेवरच्या संकटासाठी केलेला तो कायदा चार वर्षांनी कोणासाठी वापरला गेला, हे महाराष्ट्रातल्या शेकडो घरांना ठाऊक आहे. युद्ध संपल्यावर सरकार आपणहून अधिकार परत देते, अशी आशा ठेवायला आपल्या इतिहासात जागा नाही. म्हणून मर्यादा युद्ध चालू असतानाच घालावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. न्यायालयाने कायदा दाखवा म्हटले, तर सरकार कायदाच बदलून टाकेल. मग अशा निकालांचा उपयोग काय? याचेही उदाहरण मुंबईचेच आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला आणि मुंबई सरकारने धरपकड सुरू केली. त्या काळच्या स्थानबद्धांपैकी केशव तळपदे यांचे अपील फेडरल कोर्टापर्यंत गेले. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांच्यासमोरचा मुद्दा असा होता: विधिमंडळाने केलेल्या भारत संरक्षण कायद्यात, ज्याच्याबद्दल वाजवी संशय आहे अशा माणसाला स्थानबद्ध करण्याचे नियम करता येतील असे म्हटले होते. सरकारने त्याखाली केलेल्या २६ क्रमांकाच्या नियमात वाजवी संशयाची अट गळून पडली होती. सरकारची खात्री पटली की पुरे. २२ एप्रिल १९४३ रोजी फेडरल कोर्टाने हा नियम कायद्याच्या बाहेरचा ठरवला. याच्या दीड वर्ष आधी लंडनमध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने लिव्हरसिज खटल्यात, कायद्यात ‘वाजवी कारण’ स्पष्ट लिहिलेले असताना, त्याचा अर्थ मंत्र्याला वाटले की झाले असा लावला होता आणि एकट्या लॉर्ड ॲटकिन यांनी त्याविरुद्ध निकालपत्र लिहिले होते. पारतंत्र्यातल्या न्यायालयाने राज्यकर्त्यांच्या मायदेशातल्या न्यायालयापेक्षा अधिक ताठ कणा दाखवला, ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकांत असायला हवी. पण सहा दिवसांनी, २८ एप्रिलला, गव्हर्नर जनरलने वटहुकूम काढून तो नियम पूर्वलक्षी प्रभावाने वैध केला. जिंकलेला निकाल आठवडाभरही टिकला नाही.

मग तळपदे हरले का? एका अर्थी हरले. पण फेडरल कोर्टाने कायदा दाखवा म्हटल्याने एक गोष्ट घडली: जे काम नियमाच्या भाषेत चोरपावलांनी झाले होते, ते सरकारला उघडपणे, सर्वोच्च अधिकाऱ्याच्या सहीने, जगासमोर करावे लागले. वाजवी संशयाशिवायही आम्हाला माणसे कोंडायची आहेत, हे ब्रिटिश सरकारला लेखी कबूल करावे लागले. पारतंत्र्यात त्या कबुलीची किंमत मोजायला कोणी नव्हते. लोकशाहीत ती मोजणारे मतदार असतात. आक्षेपातली खरी गोष्ट वेगळीच आहे आणि ती मला मान्य आहे: कायदा दाखवा हा प्रश्न, दाखवायच्या कायद्यालाही कोणीतरी लगाम घालणार असेल तरच पुरेसा ठरतो. वटहुकमाने जे जाते ते वटहुकमाच्या वर कुठेतरी सुरक्षित ठेवलेले असले पाहिजे.

हे किती खरे आहे ते १९७५ च्या आणीबाणीने शिकवले. २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशात १९६२ ची ती अट ठेवली नाही. कायद्याखाली हक्क हिरावला गेला असेल तर, हे शब्दच नव्हते. आता दार सरसकट बंद होते. तरीही देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी मिसाबंद्यांचे अर्ज ऐकून घेता येतात असे म्हटले, त्यांत आपले मुंबई उच्च न्यायालयही होते. याच न्यायालयाने त्या दिवसांत वकिलांच्या सभेवरची पोलीस आयुक्तांची बंदी रद्द केली. सभा व्हायची होती गिरगावजवळच्या जिना हॉलमध्ये, विषय होता नागरी स्वातंत्र्य, आणि न्यायमूर्ती तुळजापूरकरांनी पोलिसांना त्यांच्या अधिकाराची हद्द दाखवून दिली. दिल्लीत मात्र २८ एप्रिल १९७६ रोजी जबलपूर खटल्यात पाचपैकी चार न्यायमूर्तींनी स्थानबद्धाला न्यायालयात येण्याचा अधिकारच नाही असे ठरवले. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरल नीरेन डे यांना विचारले होते, की पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून एखाद्याचा जीव घेतला तरी काही उपाय नाही का? आणीबाणी असेपर्यंत नाही, असा त्या उत्तराचा आशय होता. बहुमतातल्या चौघांत पुण्याचे यशवंत विष्णु चंद्रचूडही होते. एकट्या खन्नांनी विरोधी निकाल दिला आणि सरन्यायाधीशपदावर पाणी सोडले. जानेवारी १९७७ मध्ये भानुदास गावडे प्रकरणात, स्थानबद्धांच्या तुरुंगातल्या अटींबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने संझगिरी निकालाच्या आधारे दिलेला दिलासा सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतला. कारण एकच: जुन्या आदेशातली अट नव्या आदेशात नाही, म्हणून तो निकाल इथे लागू नाही. ज्या शब्दांच्या आधारावर ‘अणूच्या अंतरंगात’चे हस्तलिखित बाहेर पडले, ते शब्द गाळल्यावर बारा वर्षांतच त्या निकालाची धार गेली.

तिसरा आक्षेप रस्त्यावर, लोकलमध्ये, चहाच्या टपरीवर ऐकू येतो: जे देशाच्या मुळावर उठले त्यांना कसले आलेत हक्क? भावना समजण्यासारखी आहे. मुंबईने १९९३ पाहिले आहे, रेल्वे बॉम्बस्फोट पाहिले आहेत, २६ नोव्हेंबर २००८ पाहिला आहे. पण उत्तरही मुंबईनेच दिले, आणि तेही आर्थर रोडमध्येच. २००८ च्या हल्ल्यातला अजमल कसाब रंगेहाथ पकडला गेला होता. त्याला परस्पर गोळी घाला म्हणणारे कमी नव्हते. त्याच्यासाठी तुरुंगाच्या आवारात विशेष न्यायालय भरले, त्याला वकील मिळाला, शेकडो साक्षीदार तपासले गेले, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपिले झाली, आणि मग २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली. याच खटल्याचा दुसरा भाग लोक विसरतात. हल्ल्याला मदत केल्याचा आरोप असलेले दोन भारतीय त्याच न्यायालयात पुराव्याअभावी निर्दोष सुटले, आणि ती सुटका सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिली. खटलाच झाला नसता, तर तिघांनाही एकाच मापाने मोजले गेले असते आणि पुरावा कोणाविरुद्ध आहे, कोणाविरुद्ध नाही, हे कळायला मार्ग उरला नसता. हक्क कशासाठी, याचे याहून स्पष्ट उत्तर मला माहीत नाही. अमेरिकेने २००१ नंतर ग्वांतानामोत उलटा रस्ता धरला: न्यायालयाच्या हद्दीबाहेर तुरुंग, खटल्याविना कैद. त्यांच्याच सर्वोच्च न्यायालयाला २००४ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये सांगावे लागले, की त्या कैद्यांनाही आपली कैद न्यायालयात तपासून घेण्याचा अधिकार आहे. ११ सप्टेंबरच्या कटाचा मुख्य खटला दोन दशकांनंतरही तिथल्या लष्करी आयोगासमोर निकाली निघाला नव्हता. मुंबईचा खटला चार वर्षांत सर्व पायऱ्या चढून संपला.

चौथा आक्षेप असा, की सीमेवर जवान मरत असताना वही, चष्मा, पेला असल्या गोष्टींचा न्यायालयाने काथ्याकूट का करावा. माझे उत्तर आहे, की सत्तेची सवय याच गोष्टींत लागते. मोठा अन्याय करताना सरकार कारणे देते, कागद तयार करते. छोटा अन्याय मात्र नुसत्या अधिकाराच्या गुर्मीत होऊन जातो, कारण त्याचा जाब कोणी विचारेल असे वाटत नाही. डिसेंबर २०२० मध्ये देशाच्या सुरक्षेच्या कायद्याखाली तळोजा तुरुंगात कच्चे कैदी असलेल्या गौतम नवलखा यांना घरून आलेला चष्मा स्वीकारला गेला नाही, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाला माणुसकीची आठवण करून द्यावी लागली. २०२२ मध्ये त्याच कैद्याला पी. जी. वुडहाउसचे विनोदी पुस्तक सुरक्षेला धोका म्हणून नाकारल्याचे समोर आले, आणि न्यायमूर्तींनी ते हास्यास्पद ठरवले. पार्किन्सनने हात थरथरणाऱ्या फादर स्टॅन स्वामींना पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून विशेष न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी, जामीन न मिळताच, मुंबईच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. यांच्यावरचे आरोप खरे की खोटे हा इथे प्रश्नच नाही. देशाच्या सुरक्षेचा कायदा लावला म्हणून चष्मा किंवा पेला कोणत्या नियमाने अडवायचा? १९६५ मध्ये प्रतिज्ञापत्रात जे नव्हते, ते उत्तर याही वेळी कोणाजवळ नव्हते. फरक इतकाच, की या वेळी सीमेवर युद्धही नव्हते.

आता पुढे काय करायचे? आणीबाणीनंतर आपल्या संसदेने काही धडा घेतला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही न्यायालयात मागता येईल अशी व्यवस्था केली. २०१७ मध्ये पुट्टस्वामी निकालाने जबलपूरचा निकाल औपचारिकपणे गाडला. ते निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे यशवंत चंद्रचूडांचेच चिरंजीव. पण त्याच ४४ व्या दुरुस्तीचा अर्धा भाग आजही अंधारात आहे. तिच्या तिसऱ्या कलमाने स्थानबद्धतेचे नियम कडक केले होते. सल्लागार मंडळाच्या अहवालाशिवाय स्थानबद्ध ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिने होणार होती. मंडळाची नेमणूक उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांच्या शिफारशीने होणार होती, अध्यक्ष उच्च न्यायालयाचा पदावर असलेला न्यायाधीश असणार होता आणि बाकीचे सदस्य आजी-माजी न्यायाधीश. आज राज्यघटनेला एवढेच पुरते, की सदस्य न्यायाधीश होण्याची पात्रता असलेला असावा, म्हणजे सरकारने निवडलेला, दहा वर्षे वकिली केलेला कोणीही. शिवाय मंडळाकडे न जाताच जास्त काळ कोंडून ठेवण्याचा कायदा करण्याची संसदेला असलेली मुभाही ते कलम काढून टाकणार होते.

हे कलम संसदेने मंजूर केले आहे. ३० एप्रिल १९७९ रोजी राष्ट्रपतींची संमतीही मिळाली आहे. ते लागू करण्याची तारीख तेवढी केंद्र सरकारने ठरवायची होती. दुरुस्तीची बहुतेक कलमे त्याच वर्षी लागू झाली. तिसऱ्या कलमाची तारीख कधीच ठरली नाही. १९८१ मध्ये ए. के. रॉय खटल्यात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूडांच्या बहुमताच्या निकालाने विलंबाबद्दल नापसंती दाखवली, पण सरकारला तारीख ठरवायला भाग पाडता येत नाही असे म्हटले. त्यानंतर जनता पक्षातून फुटलेले, काँग्रेसचे, भाजपचे, आघाड्यांचे, सगळ्या रंगांचे लोक सत्तेत येऊन गेले. त्यांतले कित्येक स्वतः मिसाखाली आत बसलेले होते. राष्ट्रीय सुरक्षा कायदा, महाराष्ट्राचा १९८१ चा एमपीडीए असे स्थानबद्धतेचे कायदे मात्र रोज वापरात आहेत, युद्ध असो वा नसो. ज्यांना सरकारने आणखी एखादा नवा सुरक्षा कायदा करावा असे वाटते, त्यांनी आधी हा जुना, मंजूर झालेला कायदा लागू करण्याची मागणी करावी; सुरक्षेच्या बाजूने बोलणाऱ्या प्रामाणिक माणसाला तीत हरकत घेण्यासारखे काही नाही.

गिरगाव, परळ, लालबाग, दादरच्या मतदारांनी मत मागायला येणाऱ्या आपल्या खासदाराला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, हा एक प्रश्न विचारावा: ४४ व्या घटनादुरुस्तीचे तिसरे कलम कधी लागू करणार? त्यासाठी नवे विधेयक लागत नाही, संसदेत मतदान लागत नाही, न्यायालयाचा आदेशही लागत नाही. राजपत्रात एका तारखेची अधिसूचना पुरते.